एल्कच्या शिकारीला प्रत्येकाकडे जीपीएस वॉकीटॉकी हवाच का?

पश्चिमवारा: ऑक्टोबर संपता संपता आम्ही मित्र अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला निघतोय. माझं मत पक्कं आहे: प्रत्येकाच्या हातात गार्मिनचा रायनो 750 हा जीपीएस वॉकीटॉकी हवा. बोलून झालं की आवाजापाठोपाठ आपली जागाही जाते आणि समोरच्याच्या नकाशावर ठिपका उमटतो. पहाटे अंधारात दोन डोंगरधारांवर पांगल्यावर बंदुकीच्या टप्प्यात आपलं माणूस आहे का, हे कळायलाच हवं. मोबाइलला तिथे रेंज नसते. खर्च जास्त आहे, मान्य. पण बंदुकीवर, दुर्बिणीवर पैसे घालताना आपण हात आखडत नाही, मग इथेच का?

धारेवरचा: अजिबात पटलं नाही. तो ठिपका शेवटचा संपर्क झाला त्या वेळचा असतो. मित्र त्यानंतर पाईन्समधून चारशे यार्ड खाली उतरलेला असू शकतो, आणि पडद्यावर तो अजून वरच दिसतो. असा ठिपका बघून बंदूक उचलणारा माणूस मला सोबत नको. जनावराच्या मागे काय आहे ते डोळ्यांनी दिसत नसेल तर गोळी झाडायची नाही, बस्स. मोंटानात भगव्या रंगाचे 400 चौरस इंच कपडे अंगावर सक्तीचे आहेत, ते उगाच नाहीत. पैसे वाचवा, साधे एफआरएस संच घ्या, म्हणजे विनापरवाना चालणारे कमी ताकदीचे वॉकीटॉकी.

पश्चिमवारा: ठिपका बघून गोळी झाडा असं मी कुठे म्हटलं? ठिपका शंका घ्यायला लावतो, एवढंच. आणि जागा जुनी वाटली तर रायनोवरून समोरच्या संचाला नवी जागा विचारता येते, त्याला बटण दाबावं लागत नाही.

धारेवरचा: समोरचा संच रेंजमध्ये असेल तर! रायनोच्या खोक्यावरचे 20 मैल म्हणजे मधे काहीच आड नसताना. मधे एक डोंगरधार आली की या लहरी तिच्यावरून वळत नाहीत. साधा 2 वॅटचा संच असो वा 5 वॅटचा रायनो, दरीत दोघेही मुकेच. नेमकी गरज असते तिथेच ठिपका गोठतो.

बिटररूटकर: कायद्याचं कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. मोंटानात दुतर्फी इलेक्ट्रॉनिक संपर्क वापरून शिकार करायला मनाई आहे. "कळप तुझ्याकडे वळलाय" एवढं वॉकीटॉकीवर सांगितलंत तरी नियम मोडलात. मोठ्या शिकारींच्या विक्रमांची नोंद ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लबही अशा मदतीने मारलेलं जनावर नोंदीला घेत नाही, आणि ते योग्यच आहे. संच सुरक्षिततेसाठी ठेवा, जनावराबद्दल एक शब्द नको. जायच्या आधी त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा, प्रत्येक राज्याचं वेगळं असतं.

दुसरं, रायनोच्या 5 वॅटसाठी जीएमआरएस, म्हणजे जास्त ताकदीच्या वॉकीटॉकीचा अमेरिकी सरकारी परवाना लागतो. परीक्षा नाही, नागरिकत्वाची अट नाही, 35 डॉलर, 10 वर्षं. एका परवान्यात भाऊ, काका, मेहुणे सगळे चालतात. मित्र चालत नाहीत! प्रत्येक मित्राला स्वतःचा काढावा लागेल.

सूनबाई_डेन्व्हर: आमच्या घरून नवरा आणि दीर जातात, म्हणून मी घरी थांबणाऱ्यांच्या बाजूने बोलते. तुमचे ठिपके तुम्हा शिकाऱ्यांतच फिरणार. पाय मोडला तर मदत कोण बोलावणार? गार्मिनचं इनरीच हे छोटं यंत्र इरिडियम उपग्रहांवरून संदेश पाठवतं, आकाश मोकळं दिसलं की पुरे. महिन्याचं शुल्क द्यावं लागतं आणि संदेश पोचायला कधी कधी काही मिनिटं जातात, पण धार आडवी येत नाही. गटात एक इनरीच आणि बाकीच्यांकडे साधे वॉकीटॉकी, हीच माझी निवड.

सह्यवेडा: हेच संच पुढे सह्याद्रीतल्या ट्रेकला आणता येतील का?

बिटररूटकर: आणू नका. रायनो 462 आणि 467 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. भारतात वॉकीटॉकीसाठी परवानामुक्त पट्टा 446.0 ते 446.2 आहे. इनरीच तर मुळीच नको, गोव्याच्या विमानतळांवर ते जवळ बाळगल्याबद्दल परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे.

पश्चिमवारा: वहिनी, इनरीचचं पटलं, एक घेतोच. पण रायनो सोडत नाही. धुकं उतरल्यावर चुकलेला मित्र त्याच धारेवर अर्ध्या मैलात असतो, तेव्हा त्याची जागा मला उपग्रहाची वाट न बघता हवी आहे. परवान्याचे अर्ज आज सगळ्यांना पाठवतो.

धारेवरचा: घ्या. फक्त बंदूक खांद्याला लावायच्या आधी संच खिशात ठेवायचा, हा नियम गटात सगळ्यांकडून कबूल करून घ्या.