२०० चा प्लॅन, पण लॅपटॉपला ३५ च का येतंय?

बोरकूट: मंडळी, २०० एमबीपीएसचं फायबर आहे, राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे. मोबाइलवर १८० वगैरे येतं, बायकोच्या जुन्या लॅपटॉपवर त्याच सोफ्यावर बसून ३५-४०, टीव्हीला तर थेट लॅन केबल लावलीय तरी ९४ च्या वर जातच नाही, आणि आतल्या बेडरूममध्ये कधी ६० कधी ५, काही नेमच नाही. कस्टमर केअरवाला नुसतं रीस्टार्ट करा म्हणतो. राउटर बदलू का?

पावटा७: लगेच खर्चात पडू नका हो. टीव्हीचं सोडा, बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्टच १०० चा असतो, ९४ म्हणजे तो फुल चाललाय, आणि फोर-केला २५-३० पुरतात. लॅपटॉपचं वायफाय कार्ड बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवालं असणार, म्हणजे वायफायच्या दोन बँडपैकी (दुसरा ५ गिगाहर्ट्झ) हळू असलेला. तसं असेल तर ड्युअल बँड (दोन्ही बँड पकडणारं) यूएसबी डोंगल घ्या, राउटर कितीही भारी आणला तरी फरक शून्य.

रिकामटेकडा: बेडरूमचं दुखणं वेगळंय. ५ गिगाहर्ट्झ भिंतींतून फारसं जात नाही, मग फोन २.४ वर उडी मारतो आणि तिथे अख्ख्या सोसायटीचे राउटर कोकलत असतात. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ साठी चॅनल १, ६, ११ पैकी जो मोकळा दिसेल तो लावा. आणि आधी राउटर टीव्हीमागून काढा राव!

बोरकूट: कार्ड २.४ वालंच निघालं, डोंगल मागवतोय. राउटर शोकेसवर ठेवला, बेडरूममध्ये ७० च्या आसपास टिकतंय. फक्त वायर लोंबकळतेय म्हणून घरात बोलणी खातोय.

पावटा७: पट्टीत घाला, पण फायबर कोपऱ्यात काटकोनात दुमडू नका, सिग्नल पडतो.