रंगाआधी लांबी बघा

बरेच जण म्हणतात की नव्या नोटांचे रंग इतके वेगळे आहेत की चूक होऊच शकत नाही. डोळस माणसासाठी हे खरं आहे. पण ज्यांना दिसत नाही ते नोट लांबीवरून ओळखतात, आणि तिथे २०१६ नंतरच्या मालिकेने त्यांचं काम अवघड केलं. जुन्या ५०, १०० आणि ५०० च्या नोटा १४७, १५७, १६७ मिमी होत्या. प्रत्येक पायरीला सरळ एक सेंटीमीटर फरक. आता १००, २००, ५०० या १४२, १४६, १५० मिमी आहेत, रुंदी तिन्हींची ६६. चार मिलिमीटर बोटांना कसे कळावेत?

कडेला उठावाच्या रेघा आहेत हे मान्य: १०० ला चार, २०० ला चार आणि मध्ये दोन वर्तुळं, ५०० ला पाच. पण नोट मळली, मऊ पडली की उठाव बसतो. माझे मामा म्हणूनच प्रत्येक नोटेची घडी वेगळी घालून ठेवतात. नाण्यांत मात्र चांगलं काम झालंय. २० रुपयांचं नाणं बारा कोनी केलंय, ते हातात घेताच कळतं.