सोसायटीच्या सभेत मुद्दा पटवून द्यायचाय, मदत हवी आहे

टँकरग्रस्त:
नमस्कार मंडळी. आमची ४८ फ्लॅटची सोसायटी. मार्च लागला की टँकर सुरू. प्रत्येक फ्लॅटला पाण्याचं मीटर बसवावं, असा ठराव मी गेल्या सभेत मांडला. अकरा पानी एक्सेल शीट छापून वाटली, वीस मिनिटं आकडे वाचले. मग तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले आणि म्हणाले, "आज पाण्याला मीटर, उद्या लिफ्टला मीटर, परवा जिन्यातल्या हवेला!" हशा पिकला, ठराव पडला. माझ्या शीटवर लोकांनी वडापाव खाल्ले.

येत्या रविवारी पुन्हा सभा आहे. काकांनी नेमकं काय केलं, आणि त्याला उत्तर काय द्यायचं? शाळेतले अलंकार मी परीक्षेच्या हॉलमध्येच सोडून आलोय.

निवृत्त मास्तर:
काकांनी वापरला तो सार अलंकार, म्हणजे चढती भांजणी. "आधीच मर्कट, तशातहि मद्य प्याला" आठवतंय ना, तोच. ऐकायला झकास, पण तर्क म्हणून पोकळ, कारण पहिल्या पायरीवरून दुसरीवर का जायचं हे त्यांनी सांगितलंच नाही. रविवारी हाच डायलॉग आला तर आधी मोकळेपणी हसा, मग विचारा, "काका, लिफ्टला टँकर लागतो का?"

तुमची चूक वेगळीच आहे. नक्की काय हवंय ते कळायच्या आत लोक आकड्यांत बुडाले. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, अनुमानाचे पाच अवयव सांगितलेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर दिसतोय. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. हा डोंगरही तसाच धुराचा. म्हणून तिथे आग आहे. गंमत मधल्या स्वयंपाकघरात आहे. चूल सगळ्यांनी पाहिलेली असते, म्हणून न पाहिलेला डोंगर पटतो. तुमची चूल म्हणजे वीजबिल. वीज मोजली जाते म्हणूनच घराबाहेर पडताना आपण पंखा बंद करतो. शीट घरीच ठेवा. कोणी मागितली तर द्या.

सुपारीचं खांड:
मास्तरांशी सहमत, पण नुसत्या तर्कानं सभा जिंकता येत नाही. ॲरिस्टॉटलनं तीन गोष्टी सांगितल्यात: तर्क, भावना आणि बोलणाऱ्याची पत. तुमच्याकडे पहिली भरपूर आहे. तिसरीत काका पुढे असणार, पैज लावा, गणपतीची वर्गणी तेच गोळा करत असतील.

आणि टाळीसाठी प्रश्न फेकू नका. १८९७ साली टिळकांनी केसरीत "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" असं विचारलं, तेव्हा प्लेगच्या जाचानं आणि रँडच्या खुनानंतरच्या दडपशाहीनं पोळलेल्या पुण्याकडे उत्तर तयार होतं. तुम्ही "आपल्याला पाणी वाचवायचं नाही का?" म्हणालात, तर मागून कोणीतरी "नाही!" ओरडेल.

टँकरग्रस्त:
वर्गणी काकाच गोळा करतात! कसं ओळखलंत?
सुरुवात अशी केली तर? "मीटर बसवूया, कारण आज जो पाणी वापरत नाही तोही पैसे भरतो. मे महिन्यात एक कुटुंब पूर्ण महिना गावाला होतं. टँकरचा वाटा त्यांनीही इतरांएवढाच भरला."

निवृत्त मास्तर:
फर्स्टक्लास. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, तिन्ही आले. पण कुटुंब खरं आहे ना? कोणाचं?

टँकरग्रस्त:
काकांचंच.

सुपारीचं खांड:
मग नाव घेऊ नका. ते वाक्य बोलताना त्यांच्याकडे बघूसुद्धा नका.