शब्दचर्चा: ‘ग्लाइशशाल्टुंग’ला मराठीत काय म्हणायचं? (आणि जमाखर्चाच्या वहीतले अजून काही शब्द)

चिमणी_हांबुर्गकर:
नमस्कार मंडळी. एरवी नुसतीच वाचते, आज अडलंय म्हणून लिहितेय. मी हांबुर्गला राहते आणि आमच्या घरमालकीणबाईंनी (वय पंच्याऐंशीच्या पुढे) त्यांच्या आईची जमाखर्चाची वही मला वाचायला दिलीय, जानेवारी १९३३ ते जुलै १९४३, रोजचा हिशोब आणि काही घडलं असेल तर खाली एखादी ओळ. ती मराठीत करायचा उद्योग अंगावर घेतलाय. दूध, बटाटे, बुटाला टाच हे सगळं जमतंय. पण मे १९३३ मधे एक ओळ आहे, आमचं गायन मंडळ आता ‘ग्लाइशगेशाल्टेट’ झालं, पियानोवाल्या बाई यायच्या बंद झाल्या. डिक्शनरी म्हणते समन्वय. समन्वय झाला आणि बाई यायच्या बंद झाल्या?? शब्द सुचवा प्लीज.

ताकभात:
एकसाचीकरण. सगळे एका साच्यात. झालं.

शेजारचा_बंड्या:
ताकभात, हा शब्द तू आत्ता पाडलास ना? घरातल्या कुठल्या बाईने वहीत ‘एकसाचीकरण’ लिहिलं असतं का रे 😀
(अवांतर: उच्चार ग्लाइख की ग्लाइश? आमच्या पुस्तकात राइख होतं.)

पाटीपेन्सिल:
‘ई’नंतरचा तो सीएच आपल्याला ‘श’च्या जवळ ऐकू येतो, ग्लाइश लिहा, चालतं.
आता शब्दाकडे. ग्लाइश म्हणजे सारखं, आणि शाल्टर म्हणजे विजेचा खटका. सगळे दिवे एकाच बटणावर घेणं, असा मूळचा तांत्रिक, कोरडा शब्द. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला, ५ मार्चच्या निवडणुकीत त्याच्या नाझी पक्षाला ४३.९ टक्के मतं, म्हणजे बहुमत नाहीच, आणि ३१ मार्चला जो कायदा आला त्याच्या नावातच हा शब्द आहे, ‘प्रांतांचं राइशशी (म्हणजे केंद्राशी) ग्लाइशशाल्टुंग’. प्रांतांच्या विधानसभा बरखास्त करून राइशटागच्या (केंद्रीय संसदेच्या) निकालाच्या प्रमाणात नव्याने भरल्या, कम्युनिस्टांच्या जागा वगळून. मग हाच शब्द खाली झिरपला. २ मेला कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, आणि त्यानंतर नेमबाजी क्लब, मधमाश्या पाळणारे, गायन मंडळं, कोणी सुटलं नाही. मंडळ बंद होत नसे हे लक्षात घ्या. मंडळ तेच, हॉल तोच, गाणी बरीचशी तीच, फक्त कमिटी निवडून येण्याऐवजी वरून ‘नेता’ नेमलेला आणि ज्यू सभासद बाहेर. तुमच्या पियानोवाल्या बाई बहुधा अशाच गेल्या.
माझी सूचना: ‘सुसूत्रीकरण’. आपल्याकडे शासन निर्णयात हा शब्द आला की समजावं कुठली तरी शाळा नाहीतर खातं बंद होतंय. तितकाच निरुपद्रवी दिसतो.

उंबरठा:
मला पटत नाही. सुसूत्रीकरण लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटणार काहीतरी सुधारणा झाली. आपल्याकडे सरळ मराठी आहे की, सगळ्यांना एका दावणीला बांधलं. गाय बैल म्हैस, कुणीही असो, दावण एक. कळतं लगेच.

पाटीपेन्सिल:
उंबरठाताई, दावण उत्तमच आहे पण ती बांधलेल्या जनावराच्या बाजूने बोलते. कायदा लिहिणारा ‘दावण’ लिहीत नाही. आणि दुसरी अडचण अशी की त्यात बांधणारा कोणीतरी वेगळा लागतो. जर्मनीत पुष्कळ ठिकाणी वरून कोणी माणूस यायच्या आधीच कमिटीने ठराव करून टाकला होता, त्यालाही शब्द आहे, ‘स्वतःहून ग्लाइशशाल्टुंग’. म्हणजे दावणीपाशी आपण होऊन जाऊन उभं राहायचं आणि मान पुढे करायची. वहीत ‘केलं गेलं’ आहे की ‘झालं’ आहे?

चिमणी_हांबुर्गकर:
काका, ‘झालं’ आहे. कोणी केलं ते नाही.

ताकभात:
मग ‘झालं’च ठेव.

शेजारचा_बंड्या:
वहीत मार्चमधल्या कोणाचा उल्लेख आहे का? मला एक शब्द जाम आवडतो, ‘मेर्त्सगेफालेन’, म्हणजे मार्चमधे पडलेले. मूळ अर्थ मार्च १८४८ मधे बर्लिनच्या रस्त्यावर मेलेले क्रांतीतले हुतात्मे, आणि १९३३ च्या निवडणुकीनंतर घाईघाईने पक्षात शिरले त्यांना पक्षातलेच जुने लोक कुत्सितपणे हे म्हणायला लागले, इतकी रांग लागली की १ मेपासून भरती थांबवावी लागली. मी ‘मार्चचे हुतात्मे’ करेन. आयाराम म्हणू नका, त्यात गयाराम येतो आणि इथे परत जायची सोयच नव्हती.

उंबरठा:
मार्चचे हुतात्मे भारी आहे. पण मूळ मुद्द्यावर येते. मी अजून भांडणार आहे. आपण कॉन्सन्ट्रेशन कॅम्पला छळछावणी म्हणतोच ना, पिढ्यानपिढ्या म्हणतोय. जर्मन शब्दात छळ कुठेच नाही, ‘एकत्र करण्याची छावणी’ एवढंच. मराठीने तिथे खरं काय चाललंय ते बघून नाव दिलं. मग ग्लाइशशाल्टुंगला तोच न्याय का नको? त्यांचं खोटं आपण कशाला मराठीत चालवायचं?

पाटीपेन्सिल:
मुद्दा बिनतोड आहे, तरीही नाही म्हणतो 🙂 तुम्ही आज इतिहास सांगताय तेव्हा छळछावणी, शंभर टक्के. पण १९३३ च्या बाईच्या तोंडी छळछावणी घातलीत तर ती तेव्हाच सगळं जाणून होती असं होतं. डाखाऊची छावणी २२ मार्च १९३३ ला उघडली ती काही गुपचूप नाही, म्युनिकच्या पेपरात आदल्या दिवशी बातमी होती, पाच हजार माणसांची सोय म्हणून. आणि तिथे नेणं म्हणजे ‘शुट्सहाफ्ट’, अक्षरशः संरक्षणासाठी कोठडी. कोर्ट नाही, आरोप नाही, मुदत नाही. २७ फेब्रुवारीला राइशटाग जळालं, दुसऱ्या दिवशीच्या वटहुकुमाने हे सगळं बसल्या जागी कायदेशीर झालं. ‘संरक्षक कोठडी’ इतकंच भाषांतर करा, एक शब्द जास्त नको.
आणि लोकांना कळत नव्हतं असंही नाही. एक बडबडगीतासारखी प्रार्थना तोंडोतोंडी होती, मूळ यमक ‘श्टुम’ आणि ‘कुम’चं, मी असं करतो:
देवबाप्पा जीभ घे,
डाखाऊ तेवढं राहू दे.
म्हणजे सरकारी शब्द गुळगुळीत आणि लोकांचे शब्द खरबरीत, हे दोन थर वेगळे राहिले पाहिजेत. सरकारी थराला शासन निर्णयाची मराठी, लोकांच्या थराला तुमची दावण. एवढंच माझं म्हणणं.

चिमणी_हांबुर्गकर:
अंगावर काटा आला काका. दोन थर पटलं. आता पटापट विचारते.
१) ‘आइनटोप्फ’, ऑक्टोबर १९३३ पासून हिवाळ्यात महिन्यातून एका रविवारी, पुढे ५० फेनिग.
२) ‘रेडिओचा हप्ता’, कंसात फाउ ए ३०१.
३) ‘डॉइचर ब्लिक’, हे समासात पेन्सिलीने, तारीख नाही.
४) ‘आनेनपास’साठी चर्चला फी. तीनदा.

ताकभात:
१ माझं. एका भांड्याचा रविवार. ऑक्टोबर ते मार्च, महिन्यातून एका रविवारी रोस्ट वगैरे नाही, एका पातेल्यात शिजेल ते, माणशी ५० फेनिगच्या आत, आणि वाचलेले पैसे दारावर येणाऱ्या डब्यात, विंटरहिल्फ म्हणजे हिवाळी मदत. पैसे दिले की दारावर लावायला पट्टी, म्हणजे कोणाच्या दारावर नाही ते जिन्यातून जाता येता सगळ्यांना दिसणार. गणपतीच्या वर्गणीची पावती दाराला चिकटवल्यासारखं, फक्त इथे नाही म्हणायची टाप नाही. हॉटेलातसुद्धा तोच मेनू. युद्धात याचंच नाव ‘त्यागाचा रविवार’ केलं. विंटरहिल्फ्सवेर्कची आद्याक्षरं वे हा वे, लोक त्याचं ‘वीर हुंगर्न वाइटर’ करायचे, आमची उपासमार पुढे चालू.
खिचडी म्हणू नका हां, खिचडीत गंमत आहे.

शेजारचा_बंड्या:
२: फोक्सएम्पफेंगर, जनता रेडिओ! ३०१ म्हणजे ३० जानेवारी, पहिला महिना. ७६ मार्क किंमत, बाकी सेटच्या मानाने स्वस्त, तरी साध्या माणसाला हप्त्यानेच. १९३८ ला अजून छोटा ३५ मार्काचा आला त्याला लोक म्हणायचे ‘गोबेल्सश्नाउत्से’, श्नाउत्से म्हणजे जनावराचं तोंड, म्हणजे प्रचारमंत्री गोबेल्सचं थोबाड. १ सप्टेंबर १९३९ ला युद्ध सुरू झालं त्याच तारखेच्या वटहुकुमाने बाहेरची स्टेशनं ऐकणं गुन्हा, आणि ऐकणाऱ्याला नाव ‘रेडिओ-गुन्हेगार’. उशी घेऊन त्याखाली बीबीसी ऐकायचे.
जनता हप्त्यावरून आठवलं, जनता गाडी पण होती, दर आठवड्याला ५ मार्काचं तिकीट वहीत चिकटवायचं, तीन लाखांवर लोकांनी पैसे भरले आणि युद्ध संपेपर्यंत गाडी एकालाही मिळाली नाही. तीच ती फोक्सवॅगन, आता चाकणला कारखाना आहे.

उंबरठा:
३ मला माहितीय. ‘जर्मन सलाम’ म्हणजे हात वर करून हाइल हिटलर, त्यावरून विनोदाने ‘जर्मन नजर’. बोलायच्या आधी खांद्यावरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघून घ्यायचं कोणी ऐकत नाही ना. भिंतीला कान असतात आपल्याकडे, इथे मानेला वळण लागलं. मुद्दाम ‘जर्मन नजर’च ठेव आणि तळटीप दे, कारण पेन्सिलीने लिहिलंय हेच सांगतंय की तो वरच्या थरातला शब्द नाही.

पाटीपेन्सिल:
वा ताई. ४ मी घेतो. आनेनपास म्हणजे पूर्वजांचा पासपोर्ट, छोटी पुस्तिका. आजीआजोबांपर्यंत, काही ठिकाणी त्याच्याही मागे, बाप्तिस्म्याचे लग्नाचे दाखले चर्चमधून आणून शिक्के मारून घ्यायचे. ७ एप्रिल १९३३ च्या नोकरशाहीच्या कायद्यात ‘अनार्य’ कर्मचाऱ्यांना निवृत्त करायचं कलम होतं आणि चारच दिवसांत नियम आला की एक आजी किंवा आजोबा ज्यू निघाला तरी पुरे. पाद्र्यांची दप्तरं अर्जांनी भरून गेली. मराठीत वंशावळ म्हटलं की कुलकर्ण्यांची वही आणि अभिमान आठवतो, म्हणून ‘वंशाचा दाखला’ करा, दाखला म्हटलं की रांग आणि फी आपोआप येते.
आणि कळकळीची विनंती, ‘आरिश’चं आर्य करताना अवतरणात टाका. आपल्याकडे आर्य म्हटलं की संस्कृत नाटकातला नवरा. ‘आरिझीरुंग’चं आर्यीकरण केलंत तर लोकांना यज्ञ वाटेल, आणि तो प्रकार म्हणजे ज्यू माणसाचं दुकान कवडीमोलाने दुसऱ्याच्या नावावर करणं.

ताकभात:
तसंच स्वस्तिक. जर्मन लोक ‘हाकेनक्रॉइत्स’ म्हणतात, आकड्यांचा (हुकांचा) क्रूस. वहीत झेंड्याचा खर्च असेल तर आकडेक्रूस लिही बाई, दारातल्या रांगोळीशी गल्लत नको.

शेजारचा_बंड्या:
अजून एक, ‘फनाटिश’. आधी शिवी, मग गोबेल्स मंडळींनी कौतुकाचा करून टाकला. मराठीत ‘कट्टर’. त्याचंही आपल्याकडे तेच झालंय, गाड्यांच्या मागच्या काचा बघा.

चिमणी_हांबुर्गकर:
सगळ्यांना थँक्यू. आता शेवटची पानं राहिलीत. ऑक्टोबर १९४० ला मोठ्या मुलाची ‘फरशिकुंग’, बरोबर दोन शर्ट आणि टूथपेस्ट. आणि नोव्हेंबर ४१ ला एकच ओळ, पियानोवाल्या बाई ‘एव्हाकुईर्ट’. दोन्हीला स्थलांतर चालेल का?

पाटीपेन्सिल:
अजिबात नको. बघा, बॉम्बच्या भीतीने बर्लिन आणि हांबुर्गची मुलं खेड्यांत पाठवायला सुरुवात झाली तेव्हा एव्हाकुईरुंग, म्हणजे इव्हॅक्युएशन, हा शब्द सरकारने मुद्दाम टाळला, लोक घाबरतील म्हणून. नाव दिलं ‘किंडरलांडफरशिकुंग’, मुलांना गावाकडे धाडणं, सुट्टीला मामाकडे पाठवल्यासारखं. आणि वर्षभराने जो शब्द आपल्या मुलांना नको होता तोच ज्यू शेजाऱ्यांच्या नोटिशीवर छापला. हांबुर्गहून पहिली गाडी २५ ऑक्टोबर १९४१ ला हानोफरशर बानहोफ या स्टेशनवरून सुटली, हजारावर माणसं, पोलंडमधल्या लोड्झच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत. त्याच्या पाच-सहा आठवडे आधी ज्यूंना कपड्यावर पिवळी चांदणी लावणं सक्तीचं झालं होतं.
मुलासाठी ‘गावाला धाडलं’. बाईंसाठी मला ‘रवानगी’ सुचतो. पार्सलचीही होते आणि तुरुंगातही होते.

उंबरठा:
पाठवणी नको ना? ती लेकीची असते. रवानगी बरोबर.

चिमणी_हांबुर्गकर:
रवानगी लिहिलं. मग एक शेवटचं, मार्च १९४२, ‘फरश्टाइगरुंग, कपाट’, पुढे मार्क. म्हणजे लिलावच ना? की अजून काही छटा आहे?

ताकभात:
लिलाव. अवांतर, आपला लिलाव पोर्तुगीजांकडून आलाय, लेलांव. छटा काही नाही.

पाटीपेन्सिल:
छटा नाहीये. फक्त हांबुर्गला १९४१ पासून लिलाव कसले चालले होते ते सांगतो. परदेशी पळालेल्या ज्यूंचे बंदरात अडकलेले पेटारे आधी, मग रवानगी झालेल्यांच्या घरातलं सामान, पुढे हॉलंडहून बोटी भरून आलेलं. पेपरात रीतसर जाहिराती असायच्या, टेबलक्लॉथ, मुलांचे पलंग, पियानो. माल कुणाचा ते घेणाऱ्यांना ठाऊक असायचं. तुमच्या वहीतलं कपाट त्यातलंच आहे असं मी म्हणत नाही, एखाद्या म्हाताऱ्याच्या वारसांनीही लिलाव केलेला असू शकतो. तळटीप द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

उंबरठा:
द्यायचीच.

चिमणी_हांबुर्गकर:
वहीची शेवटची नोंद २४ जुलै १९४३ ची आहे, पाव आणि चेरी. त्याच रात्री बॉम्बहल्ले सुरू झाले, आठवडाभरात शहरात ३५ हजारांच्या आसपास माणसं गेली, यांचं घर जळालं आणि आईने वही तेवढी पर्समधे घेतली होती. म्हणजे कपाट गेलंच.
लिलाव ठेवते. तळटीपेचं मालकीणबाईंना विचारल्याशिवाय कसं करू, आणि विचारू तरी काय, रविवारी केक खायला बोलावलंय त्यांनी.

शेजारचा_बंड्या:
पियानोवाल्या बाईंचं नाव आहे का वहीत?

चिमणी_हांबुर्गकर:
नाही. सगळीकडे पियानोवाल्या बाईच.