जुन्या होंडाचा कोड: डोंगल नको, वायर पुरते

अहो, जुन्या होंडाचा चेक इंजिनचा दिवा लागलाय, पण बिघाडाचा कोड वाचायला स्कॅनर लावायचं १६ पिनचं सॉकेट सापडतच नाही म्हणताय, मग कोणी सुचवलेला ब्लूटूथ डोंगल (त्या सॉकेटात बसून मोबाईलवर कोड दाखवणारा) घेऊन लावणार कुठे? जुन्या होंडात बहुधा डावीकडे डॅशबोर्डखाली दोन पिनचा एक मोकळा कनेक्टर लोंबत असतो, शेजारच्या तीन पिनवाल्याला मात्र हात लावू नका. इग्निशन बंद असताना त्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा, मग चावी ऑन, इंजिन स्टार्ट करायचं नाही, आणि चेक इंजिनचा दिवा कसा लुकलुकतो ते मोबाईलवर शूट करा कारण मोजताना हमखास गडबड होते. लांब म्हणजे १०, छोटा म्हणजे १, एक लांब चार छोटे आले की १४, आयडल व्हॉल्व्हचं (गाडी उभी असताना इंजिनचा वेग सांभाळणारा) सर्किट. नुसते सात छोटे तर ७, थ्रॉटल पोझिशन सेन्सर (ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते इंजिनला कळवणारा).

पण कोड सर्किटचा असतो हो, म्हणजे दोष वायरीत किंवा सॉकेटातही असू शकतो, लगेच नवा सेन्सर घ्यायला धावू नका. घोडबंदर रोडला पावसात गाडी पाण्यातून काढली असेल तर आधी सेन्सरचं सॉकेट उघडून बघा, पिनांवर हिरवं चढलेलं असतं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. कोड पुसायला बॅकअप फ्यूज (गाडीच्या कॉम्प्युटरची मेमरी चालू ठेवणारा) १० सेकंद काढायचा, फक्त त्याने रेडिओही लॉक होऊ शकतो, म्हणून त्याचा अनलॉक कोड आधी शोधून ठेवा, नाहीतर गाणी बंद 😀