पुढच्या आठवड्याचा आउटलुक: युरो येणे, येन देणे, मी नक्की कुठली जोडी बघू?

शिरोलीकर (रविवार, २८ जुलै २०२४, सकाळी)

नमस्कार मंडळी. आमचं कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत मशीनशॉप आहे, कास्टिंग मशीनिंग करून जर्मनीला जातं आणि बिल युरोत होतं. आता एक व्हीएमसी (मशीनिंगचं मोठं मशीन) जपानहून मागवलंय, त्याचे अॅडव्हान्स जाऊन साधारण १ कोटी येन द्यायचे बाकी आहेत, ऑगस्ट अखेरपर्यंत. जुलैच्या सुरुवातीला १०० येन साडे एक्कावन्न रुपयांच्या आसपास होता, भाऊ म्हणाला अजून पडतोय थांबूया, आणि परवा शुक्रवारी बघतो तर साडेचोपन्न! म्हणजे १ कोटी येनला सरळ ३ लाखाचा फरक, ते पण तीन आठवड्यात.

म्हणून मी आता दर रविवारी वीकली आउटलुक (पुढच्या आठवड्यात चलनांचे भाव कुठे जातील याचे अंदाज) वाचायला लागलोय. पण एक जण म्हणतो युरो-डॉलर १.०८ ला सपोर्ट (पडता पडता थांबायची जागा) घेऊन १.०९५० ला जाणार, दुसरा म्हणतो डॉलर-येन परत १५८ ला जाणार, तिसऱ्याचं सगळंच उलटं. यातलं मला काय उपयोगाचं आहे? येणाऱ्या आठवड्यात बँक ऑफ जपान, फेड (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) आणि इंग्लंडची बँक तिन्हीच्या व्याजदराच्या मीटिंगा आहेत म्हणे. आमच्याकडे या आठवड्यात २५ हजार युरो येताहेत, आणि ऑगस्टच्या मध्यावर अजून ४० हजार. ते नेहमीप्रमाणे रुपयात करून घ्यायचे आणि येन नंतर बघायचे, का काही वेगळं करावं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, प्लीज.

पिप्सवाला_पुणे (रविवार, दुपारी)

मी चार्ट बघणारा माणूस आहे त्यामुळे माझ्या बाजूने सांगतो. युरो-डॉलर शुक्रवारी १.०८५५ च्या आसपास बंद झालाय, १७ जुलैला १.०९४८ पर्यंत जाऊन परत आला, खाली १.०८ चा आकडा आहे. मंगळवारी जर्मनी आणि युरोझोनचा जीडीपी, बुधवारी युरोझोनची महागाई, त्याच रात्री साडेअकराला फेड, आणि शुक्रवारी संध्याकाळी सहाला अमेरिकेचे नोकऱ्यांचे आकडे. माझं मत विचाराल तर शुक्रवारपर्यंत युरो या रेंजमधून बाहेर पडत नाही, फेड या वेळी व्याजदर कमी करत नाही हे बाजाराने धरूनच चाललंय, सगळं लक्ष सप्टेंबरबद्दल फेडचे प्रमुख पॉवेल काय बोलतात तिकडे.

डॉलर-येन मात्र वेगळं प्रकरण आहे, तिथे मी सपोर्ट-रेझिस्टन्स (भाव खाली-वर अडायच्या जागा) सांगणार नाही. ३ जुलैला एका डॉलरला १६१.९५ येन, म्हणजे १९८६ नंतरचा सगळ्यात कमजोर येन, आणि गेल्या गुरुवारी १५२ च्या खाली टेकून आला. अशा हलत्या जागी रेषा मारून काही होत नाही.

माजी_डीलर (रविवार, रात्री)

शिरोलीकर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण खरा व्यवहार हातात असलेला माणूस इथे क्वचित येतो. मी बँकेच्या डीलिंग रूममध्ये बरीच वर्षं काढली आहेत, तिथलं जे कळतं ते सांगतो, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट. तुम्हाला युरो येतात आणि येन जातात. मग तुमची जोडी युरो-येन आहे! रुपया मध्ये येतो तो फक्त तुमच्या सवयीने. आज तुम्ही काय करता, युरो विकून रुपये घेता, तिथे बँक आपले पैसे कापते, मग रुपये देऊन येन घेता, तिथे परत कापते. आणि वरून आउटलुक वाचता डॉलरचे. युरो-येन ११ जुलैला १७५ च्या वर होता, शुक्रवारी १६७ च्या जवळ. १ कोटी येनला तेव्हा ५७ हजार युरो लागले असते, आज ६० हजार लागतील. हा तुमचा खरा हिशोब, हा आकडा रोज सकाळी एका वहीत लिहा.

दुसरं, रुपयाबद्दल. बजेट झालं त्या आठवड्यात डॉलर ८३.७० च्या वर गेला, रुपयाचा नीचांक म्हणून सगळ्या पेपरात आलं. पण रिझर्व्ह बँकेकडे ६७० अब्ज डॉलरची गंगाजळी आहे आणि ती रुपया काही पैशांच्या वर हलू देत नाहीये, हे महिनोन् महिने चाललंय. त्यामुळे युरो-रुपया किंवा येन-रुपयात जी हालचाल दिसते ती जवळजवळ सगळी बाहेरून आलेली असते. येन साडे एक्कावन्नचा साडेचोपन्न झाला त्यात रुपयाचा दोष नगण्य आहे, ते टोकियो आणि वॉशिंग्टनमधून आलंय.

तिसरं, येन का उसळला. गेली दोनेक वर्षं जगभरच्या फंडांनी येन जवळपास फुकट उधार घेऊन डॉलर, मेक्सिकन पेसो, शेअर असं जिथे जास्त मिळेल तिथे लावला, याला कॅरी ट्रेड म्हणतात. अमेरिकेच्या सीएफटीसीचा (वायदेबाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) दर शुक्रवारी रिपोर्ट येतो, त्यात जुलैच्या सुरुवातीला येनविरुद्धच्या निव्वळ पोझिशन (येन पडेल यावर लावलेले सौदे) १ लाख ८० हजार कॉन्ट्रॅक्टच्या वर होत्या, २००७ नंतरच्या सगळ्यात जास्त. परवाच्या रिपोर्टमध्ये त्या १ लाख ७ हजारापर्यंत आल्यात. म्हणजे बरेच जण बाहेर पडलेत पण अजूनही बरेच आत आहेत. एका दरवाजाच्या मांडवातून सगळी वरात एकदम बाहेर पडायला लागली की काय होतं, तसं या पोझिशनचं होतं. ११ जुलैला अमेरिकेची महागाई कमी आली आणि त्याच वेळी जपान सरकारने डॉलर विकून येन उचलला असं बाजारात सगळे म्हणताहेत, तिथून ही पळापळ सुरू झाली. त्यात जपानच्या सत्ताधारी पक्षाचे सरचिटणीस मोतेगी गेल्या सोमवारी उघडपणे बोलले की बँक ऑफ जपानने धोरण सामान्य करण्याची दिशा स्पष्ट करावी.

बुधवारी बँक ऑफ जपान व्याजदर वाढवेल का? मतं अगदी दुभंगलेली आहेत आणि मी भाकीत करत नाही. तुमच्यासाठी एवढं पुरे की नाही वाढवला तर येन एक-दोन टक्के पडेल, तुमचे लाखभर वाचतील, आणि वाढवला आणि वरून शुक्रवारचा अमेरिकेचा आकडा वाईट आला तर येन किती चढेल याला मर्यादा दिसत नाही. दोन्ही बाजूचं पारडं सारखं नाहीये. म्हणून मी असतो तर असं केलं असतं:

या आठवड्यात येणारे २५ हजार युरो रुपयात करू नका, ईईएफसी खात्यात (निर्यातदाराचं परकीय चलनातलं खातं) टाका. नसेल तर सोमवारीच फॉर्म भरा. त्या खात्यातल्या युरोतून आयातीचं पेमेंट करता येतं, बँक थेट युरो-येनच्या भावाने येन करून पाठवते. जपानच्या सप्लायरला विचारा, अर्धवट पेमेंट आधी घेतो का, बहुतेक कोणी नाही म्हणत नाही. आज १६७ ने ४१ लाखाच्या वर येन होतात. एक लक्षात ठेवा, ईईएफसीत या महिन्यात जमा झालेलं पुढच्या महिन्याअखेर रुपयात करावंच लागतं, ते खातं साठवणीचं नाही.

उरलेल्यातल्या अर्ध्याला बँकेकडून येनचं फॉरवर्ड (आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला येन घ्यायचा करार) घ्या. प्रीमियम लागेल, आपला रेपो (रिझर्व्ह बँकेचा व्याजदर) साडेसहा आणि जपानचा ०.१, त्यामुळे महिन्याला अर्धा टक्का धरा. तो खर्च महाग वाटतो, पण तीन आठवड्यात सहा टक्के गेलेत हे आठवा. बाकीचं ऑगस्टच्या ४० हजार युरोसाठी मोकळं ठेवा.

आणि ब्रँचमधल्या काउंटरवर कार्ड रेट घेऊ नका, तो छापील भाव असतो. रिलेशनशिप मॅनेजरला सांगा ट्रेझरी डेस्कला (बँकेत चलनाचे व्यवहार बघतात ते) लाइनवर घ्या, आणि एकच प्रश्न विचारा: इंटरबँकच्या (बँकांच्या आपसातल्या भावाच्या) वर किती पैसे? आकडा तोंडाने वदवून घ्या. तुम्ही विचारता हे कळलं की मार्जिन आपोआप उतरतं, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलेलं आहे.

वेळेचं पण बघा. बँक ऑफ जपानची घोषणेची वेळ ठरलेली नसते, साधारण आपल्या सकाळी साडेआठनंतर कधीही, आणि जितका उशीर तितकं काहीतरी शिजतंय असं बाजार समजतो. आपला इंटरबँक बाजार नऊला उघडून साडेतीनला बंद. म्हणजे जे करायचं ते मंगळवारी साडेतीनच्या आत.

फायदा_फर्स्ट (सोमवार)

इतकं सगळं करण्यापेक्षा एखाद्या फॉरेन अॅपवर अकाउंट उघडून युरो-येन शॉर्ट मारून (पडेल असं धरून आधीच विकून) टाका ना भाऊ, १०० पट लिव्हरेज (भरलेल्या पैशाच्या १०० पट सौदा) मिळतं, ५०० डॉलरमध्ये सगळं हेज, भावाची जोखीम झाकली. टेलिग्रामवर रोज लेव्हल पण देतात.

माजी_डीलर (सोमवार)

हे अजिबात करू नका, आणि वाचणाऱ्या बाकीच्यांनीही. भारतात राहणाऱ्याने परदेशी प्लॅटफॉर्मवर मार्जिन (अनामत) भरून फॉरेक्स करणं फेमाखाली (परकीय चलनाचा कायदा) चालत नाही, एलआरएसमधून (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) सुद्धा त्यासाठी पैसे पाठवता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून अशा प्लॅटफॉर्मची अॅलर्ट लिस्ट लावलीय, पण यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ज्याचा एक्स्पोर्टचा आयईसी कोड आहे, बँकेत लिमिट आहे, त्याने धंद्याचं नाव अशा ठिकाणी अडकवायचं कशाला? एक्सचेंजवरच करायचं असेल तर एनएसईवर येन-रुपया फ्युचर आहे, लॉट १ लाख येनचा, आणि ३ मे पासून तिथे खरं येणं-देणं असलेल्यालाच जागा आहे, तुमचं ते आहे. पण तेव्हापासून व्हॉल्यूम इतकं आटलंय की येनमध्ये भावच नीट मिळत नाही. बँकच बरी.

लीड्सची_आई (सोमवार)

मध्येच विचारते, माफ करा. मुलगी सप्टेंबरला लीड्सला जातेय, फीचा मोठा हप्ता पौंडात भरायचाय. इंग्लंडच्या बँकेच्या गुरुवारच्या मीटिंगपर्यंत थांबू का?

बर्मिंगहॅमकर (सोमवार)

ताई, इथे राहतो म्हणून सांगतो, इथेही लोक व्याजदर कपातीची शक्यता पन्नास-पन्नास टक्केच धरताहेत. महागाई २ टक्क्यांवर आलीय पण सर्व्हिसेसची अजून ५.७ आहे, तिथेच घोडं अडलंय. जूनमध्ये बँकेच्या समितीतल्या ९ पैकी फक्त दोघांनी कपातीला मत दिलं होतं, स्वाती धिंग्रा आणि रॅम्सडेन. गुरुवारी आपल्याकडे साडेचारला निकाल येतो. पौंड आत्ता १०७-१०८ रुपये आहे, कपात झाली तरी फार तर रुपया-सव्वा रुपया उतरेल. अर्धी फी आत्ता, अर्धी शुक्रवारी असं करा, पण व्हिसाच्या कागदाला जी रक्कम लागते ती भरायची तारीख भावासाठी चुकवू नका. आणि २०२४ च्या नियमाने ७ लाखाच्या वरच्या रकमेवर ५ टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतात तो कर) कापतील तो हिशोबात धरा, लोनमधून असेल तर अर्धा टक्का.

शिरोलीकर (सोमवार, ५ ऑगस्ट, दुपारी)

मंडळी, आज नुसता हात जोडायला आलोय. बुधवारी बँक ऑफ जपानने दर ०.२५ केला, बॉन्डची खरेदी पण टप्प्याटप्प्याने निम्मी करणार म्हणाले, शुक्रवारी अमेरिकेत नव्या नोकऱ्या फक्त १ लाख १४ हजार आणि बेकारी ४.३, आणि आज जपानचा शेअर निर्देशांक निक्केई ४४५१ पॉइंट पडला, १२ टक्क्यांच्या वर! डॉलर-येन १४२ ला टेकला. माझ्या स्क्रीनवर १०० येन साडेअठ्ठावन्न दिसतोय.

डीलर काका, तुम्ही सांगितलं तसं मंगळवारी दुपारी दोनला बँकेशी बोललो. रिलेशनशिप मॅनेजर आधी म्हणाले थेट युरो-येन आम्ही करत नाही, मग मी म्हटलं ट्रेझरीला लाइनवर घ्या, तिथल्या मॅडमनी पाच मिनिटात भाव दिला. २५ हजार युरोचे ४१ लाख येन सप्लायरला गेले. ३० लाख येनचं फॉरवर्ड प्रीमियम-मार्जिन धरून ५४.४० ला पडलं. आज तेच घेतलं असतं तर सव्वा लाख जास्त. भाऊ काल जेवताना म्हणाला पुढच्या वेळी ऑर्डर देतानाच काकांना विचारायचं.

२९ लाख येन अजून मोकळे आहेत. आता या भावाला घ्यायचे का?

पिप्सवाला_पुणे (५ ऑगस्ट)

आज अजिबात नको, आज विकणारे आणि घेणारे दोघेही मजबुरीने करताहेत. सेन्सेक्स पण २२०० पडलाय. अशा दिवशी बँका मार्जिन पण रुंद करतात.

माजी_डीलर (बुधवार, ७ ऑगस्ट, सकाळी साडेआठ)

शिरोलीकर, उठलात का? बँक ऑफ जपानचे डेप्युटी गव्हर्नर उचिदा आज हाकोदातेला बोलले, बाजार अस्थिर असताना दर वाढवणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. डॉलर-येन १४७ ला आलाय, युरो-येन १६० च्या वर, १०० येन ५७ च्या आसपास. ३० जुलैच्या मंगळवारचा भाव आता परत मिळेल अशी आशा धरू नका. पण तुमचे ४० हजार युरो पंधरा तारखेला येणार आणि २९ लाख येनला त्यातले १८ हजारच लागणार, म्हणजे येणं तुमच्याकडे पुरेसं आहे. नऊ वाजता त्या ट्रेझरीच्या मॅडमना फोन लावा आणि १५ ऑगस्टची सुट्टी धरून २० तारखेचं युरो-येन फॉरवर्ड विचारा, युरो विकून येन घ्यायचं. भाव १५९ च्या वर देत असतील तर सगळ्याला हो म्हणा. कमी देत असतील तर इथे आकडा टाका, मी बघतो.