भक्तिगीत लिहायला सॉफ्टवेअर लागतं का? माझ्या मते लागतं. बोला.

कृष्णाकाठचा (सांगली)
आमच्या चर्चच्या मंडळीत नवं गीत आलं की ते तीन ठिकाणी विखुरलेलं असतं. शब्द एकाच्या वहीत, चाल दुसऱ्याच्या डोक्यात आणि कॉर्ड (साथीला एकत्र दाबायचे स्वर) कीबोर्डवाल्या पोराच्या बोटांत. तिघांतला एक नोकरीसाठी पुण्याला गेला की गीत बंद. म्हणून स्पष्टच लिहितो: उपासनेसाठी गीतं रचणाऱ्यानं आता ही साधनं शिकलीच पाहिजेत.

खर्च शून्य आहे. म्यूझस्कोर हा स्वरलेखनाचा प्रोग्रॅम फुकट आहे (त्याच नावाच्या संकेतस्थळावर वर्गणी मागतात, ते प्रकरण वेगळं, तिथे फसू नका). स्वराखाली देवनागरी शब्द बसतात, फक्त अक्षरं तोडायला मध्ये हायफन आपण टाकायचा. बायकांना काळी चार हवी आणि पुरुषांना काळी एक, हा दर रविवारचा वाद पट्टी बदलून मिनिटात मिटतो. नोटेशन येत नसेल तर कॉर्डप्रो पद्धतीनं लिहा. साधी टेक्स्ट फाइल असते, ज्या अक्षरावर कॉर्ड बदलते त्याच्या आधी चौकोनी कंसात तिचं नाव. चाल सुचली की ऑडॅसिटी किंवा बँडलॅब या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये गाऊन ठेवा. पडद्यावर शब्द दाखवायला ओपनएलपी.

एक विनंती. शब्द युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटात करून घेतलेली गीतांची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी जी गिचमीड दिसते, ती नाताळच्या आदल्या रात्री कुणाला बघायला लागू नये.

पेटीमास्तर (मिरज)
यादी चांगली आहे. मुद्दा पटला नाही.

साधन गप्प बसत नाही हो. तुमचा तो म्यूझस्कोर उघडला की ४/४ (चार मात्रांचा ताल) आणि मिनिटाला १२० ठोके आधीच मांडून ठेवलेले असतात. नवशिका पोरगा त्यातच गातो. मग चार कॉर्ड, त्याच चार कॉर्ड, आणि शेवटच्या कडव्याला एक पट्टी वर. गेल्या काही वर्षांत आपल्या भागात ऐकलेली बहुतेक नवी गीतं अशीच आहेत. शब्द मराठी, चाल कुठल्याही गावची. आमच्या वडीलमंडळींनी भजनी ठेक्यात गीतं बांधली तेव्हा हातात टाळ होते, आणि म्हातारी बाईसुद्धा दुसऱ्या ओळीला साथ धरायची. आता ती पडद्याकडे बघत उभी असते.

मिरजेत राहतो म्हणून आणखी एक. इथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि आमच्याच चर्चमध्ये सूर लावायला मोबाइलमधला तानपुरा! फुकट साधनाची किंमत कुणीतरी भरत असतं.

कृष्णाकाठचा (सांगली)
मास्तर, ४/४ चं ६/८ करायला दहा सेकंद लागतात. दादरा त्यात सरळ बसतो. पोरानं बदललं नाही, कारण त्याला दादरा कुणी शिकवलाच नाही. तो दोष प्रोग्रॅमचा कसा?

पेटीमास्तर (मिरज)
सहा मात्रा बसतात. खाली-भरी, म्हणजे ठेक्यातला हलका आणि भरीव भाग, बसत नाही. पण शिकवलं नाही म्हणता ते खरंय, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

नवा_कराडकर
मी तोच पोरगा समजा. वय २२, कीबोर्ड वाजवतो.

मास्तर, राग मानू नका, पण आमची परंपरा म्हणून जी पेटी तुम्ही पुढे करता तिचं पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतलं होतं, डेबेन नावाच्या माणसानं. मिशनऱ्यांबरोबर ऑर्गन आले, पेटी आली, तेव्हाही कुणीतरी टाळ वाजवत कुरकुरलं असेलच. पेटी चालते आणि लॅपटॉप नाही, ही रेघ कुणी मारली?

दुसरं म्हणजे वहीचं. आमच्याकडे एका काकांकडे पन्नासेक वर्षांच्या चाली आहेत. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली गीतं शब्दांसकट सगळ्यांकडे आहेत, पण कुठलं गीत कुठल्या चालीवर, ते फक्त त्यांना ठाऊक. रेकॉर्ड करतो म्हटलं तर "समोर बसून शिक" म्हणतात. बसलो असतो, पण माझी शिफ्ट असते. ऑडॅसिटीत चाल सूर न बदलता हळू करता येते, रात्री हेडफोन लावून शिकता येते. यात अपमान कसला?

वाईची_लेक
तुम्ही दोघं पेटीवर भांडताय आणि खरा विषय दारात उभा आहे. एआय.

गेल्या नाताळाला एका कार्यक्रमात "नवीन गीत" म्हणून जे गायलं गेलं ते यंत्रानं लिहिलं होतं. सांगायची गरजच पडली नाही. कृपा, रूपा, तारण, कारण, प्रत्येक ओळीला यमक आणि एकाही ओळीत माणूस नाही. नाचणीची भाकरी खाणाऱ्या, उसाच्या तोडीला जाणाऱ्या, वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या कुणाची प्रार्थना त्यात दिसेना.

मी स्वतः अभंग करून बघते. सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. इतका साधा हिशेब, तोही यंत्राला सांगितला तर कधी सात अक्षरं येतात कधी पाच, आणि वर "अचूक अभंग" म्हणून शाबासकी स्वतःलाच. ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तो माणूस ख्रिस्ताची भक्ती अभंगात गात होता. त्याच जिल्ह्यात आपण अक्षरं मोजायचा आळस करायचा?

आणि गीत म्हणजे शिकवण असते. प्रवचन लोक दुपारच्या जेवणापर्यंत विसरतात, गीत मयतीलाही म्हणतात. त्यात चुकीचं काही गेलं तर पाळकसाहेब कुणाला विचारणार?

नवा_कराडकर
ताई, शब्द यंत्रानं लिहू नयेत हे मान्य. पण मी माझं कडवं लिहून "यात शुद्धलेखन बघ, ही ओळ लांब वाटते का सांग" असं विचारतो. तेवढंही नको?

वाईची_लेक
शुद्धलेखन विचार की. ओळ लांब आहे का ते मात्र गाऊन बघ. श्वास तुझा आहे.

साताऱ्याचा_वकीलबाबू
थोडं कायद्याचं, कारण इथे सगळे रेकॉर्ड करून टाकायच्या गोष्टी करतायत. आपल्याकडे कवी वारल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. टिळक १९१९ साली गेले, त्यांचे शब्द कुणीही वापरावेत. पण जुन्या शब्दांना कुणी आज नवी चाल लावली असेल तर ती चाल त्याची.

१९५७ च्या कायद्यात खऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्याला सूट आहे. रविवारी चर्चमध्ये बिनधास्त गा. तेच गीत वाद्यांसकट रेकॉर्ड करून चॅनेलवर चढवलं की ती सूट तुमच्या मागे येत नाही. दोन्ही गोष्टी एकच समजून गोंधळ होतो. आणि नव्या गीताच्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीत गीतकार, चाल लावणारा, वर्ष हे लिहा. कॉर्डप्रोमध्ये त्यासाठी वेगळी जागाच असते. वहीत हे कुणी लिहीत नाही, म्हणून निम्म्या गीतांखाली "अज्ञात" छापलंय.

पेटीमास्तर (मिरज)
वकीलबाबूंचं हे मात्र पटलं. नाव गेलंच पाहिजे.

कराडकर, तुमच्या काकांना म्हणावं मिरजेच्या मास्तरानं सांगितलंय, रेकॉर्ड करू द्या. आवाज ठेवायला माझी कधीच हरकत नव्हती. हरकत आहे ती नोटेशनच्या त्या पाच रेघांना. आमच्या चालीत एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद ओढत नेणारी मींड असते, ती कुठल्या रेघेवर लिहिणार?

कृष्णाकाठचा (सांगली)
लिहिता येते मास्तर. दोन स्वरांमध्ये ग्लिसांडोची तिरकी रेघ ओढतात.

पेटीमास्तर (मिरज)
ती घसरगुंडी झाली.

कृष्णाकाठचा (सांगली)
बरं. रविवारी उपासनेनंतर लॅपटॉप घेऊन मिरजेला येतो. तुम्ही गा, मी लिहितो, मग यंत्राकडून वाजवून घेऊ आणि तुम्ही चुका काढा.

पेटीमास्तर (मिरज)
या. अकराच्या आधी नको, प्रभुभोजनाचा रविवार आहे.